चारनंतर

दुकानाच्या काचेवर पाटी:
मशीनला हात लावू नये.
लावायचाच तर घ्यायच्या तयारीने लावावा.
खाली, बारीक अक्षरात, एक ते चार बंद.
आम्ही चारला पाच मिनिटं असताना
बाजीराव रस्त्याच्या त्या पायरीवर, उन्हात.

दिगंबरच्या खिशात बसच्या तिकिटामागे लिहिलेलं:
कपाटाखालची उंची साडेसोळा इंच,
शेगडी ते फिल्टर अकरा.
सकाळपासून तीनदा टेप लावला त्याने
आणि तिन्ही वेळा ओटा तेवढाच निघाला.

माझ्या अंगठ्याला पट्टा.
कणीक बंद, म्हणाले डॉक्टर,
जसं कुणाला सांगतात, मीठ बंद.
मग पंधरा दिवस दिगंबरने मळली.
कुणी काही बोललं नाही.
आश्लेषाने पोळी दुमडून पाहिली, ती दुमडेना,
तेव्हा तिने ती आमटीत बुडवून ठेवली
आणि पंचायत राजचं एक अख्खं प्रकरण वाचून काढलं,
भिजेपर्यंत.

पोरवाल चष्मा पुसत म्हणाले, घरी माणसं किती?
दोन, दिगंबर म्हणाला.
पाच, मी म्हणाले.
एकदमच.

पोरवालांनी दोघांकडे पाहिलं, मग पंख्याकडे.

दोन बरोबरच आहे, रेशनकार्डावर तेवढेच.
पण खालच्या मजल्यावर नलूवन्सं,
कवळी बसवल्यापासून काकडीसुद्धा किसून लागते त्यांना.
आणि गच्चीवरच्या खोलीत दोघी,
एक परांड्याची, एक केजची,
तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेला बसणाऱ्या.
भाडं खोलीचं ठरलं होतं.
पोळ्यांचं कधी कुणी ठरवलंच नाही.

पाच, दिगंबर म्हणाला. हळू.

पोरवालांनी छोट्या मशीनमध्ये गाजर टाकलं.
गाजराचं काय, ते विळीवरही चिरलं जातं.
मी पिशवीतून डबा काढला:
अर्धा किलो सिहोरचं पीठ, गिरणीतून कालच आणलेलं,
चमचाभर तेल वेगळ्या बाटलीत.
हे मळून दाखवा.

छोटं मशीन दोन फेरे फिरलं, मग कण्हायला लागलं,
मग थरथरत काउंटरवरून
पोरवालांकडेच निघालं.
दिगंबरने त्याच्या पाठीवर तळवा ठेवला.
चिंचवडच्या कारखान्यात एकतीस वर्षं
त्याने असेच हात ठेवलेत तापल्या लोखंडावर.
बंद करा, म्हणाला, मोटर घाबरलीय.

मोठं आणलं. हजार वॅट,
साडेतीन लिटरचं भांडं, जवळजवळ घागरच.
ते ओरडलं मात्र खूप,
पण दीड मिनिटात पीठ गोळा होऊन
कडेकडेने पळायला लागलं.
मी हसले बहुतेक.
दिगंबर तोवर टेप लावून उभा होता.
सतरा.

अर्धा इंच, तो म्हणाला.
कपाट वर घ्या, पोरवाल म्हणाले.
थोडं कमी करा, मी म्हणाले.
कमी हवं तर छोटं घ्या, ताई.

रिक्षात खोकं आमच्या दोघांच्या मांडीवर.
नव्या पेठेपर्यंत तो अर्ध्या इंचाबद्दल बोलत राहिला,
भिंत, खिळे, छिन्नी.
मी माझा मळलेला गोळा सांभाळत होते,
डब्यात, ओल्या फडक्याखाली.
पोरवाल म्हणाले होते, राहू द्या इथेच.
मी म्हटलं, का?

आता ते बाहेरच्या खोलीत आहे,
शिलाई मशीनच्या टेबलावर, टीव्हीच्या शेजारी.
नलूवन्सं मालिका बघता बघता
त्याला आवाज कमी करायला सांगतात.
रोज सहा वाजता दिगंबर झाकण दाबून धरतो,
थांबतो, गोळ्यात बोट खुपसतो,
मग भांडं माझ्याकडे सरकवतो.
मी डाव्या अंगठ्याने दाबते.
खळगा सावकाश भरून येतो.
अजून थोडं पाणी, मी म्हणते,
नसलं लागत तरी कधीकधी.

सात पाती आली सोबत.
त्याने दातांच्या मापाने ओळीत खिळ्यांना टांगलीत.
त्यातलं चौथं कशासाठी
ते अजून कळलेलं नाही.
विचारायचंय पोरवालांना,
चारनंतर.